स्क्रीनवरचा ग्लेअर घालवायचा, तर आधी खोलीकडे बघा

लॅपटॉपच्या स्क्रीनवर उजेड चमकतो, अक्षरं नीट दिसत नाहीत, अशी तक्रार कुणाकडेही करून बघा. अर्धे म्हणतील, ‘अँटी-ग्लेअर फिल्म लावून टाक.’ उरलेले म्हणतील, ‘चष्म्याला कोटिंग करून घे.’ दोन्हीला पैसे पडतात, आणि दोन्हीच्या आधी करण्यासारखं बरंच काही फुकटात होतं. स्क्रीनवर चमकणारा उजेड तुमच्या पाठीमागून, डोक्यावरून किंवा शेजारच्या भिंतीवरून आलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तो कुठून येतोय ते शोधा, मग टेबल आणि स्क्रीन हलवा, मग पडदे आणि दिवे, मग सेटिंग. पाकीट शेवटी काढा.

नेमकं बिघडतं काय?

ग्लेअर तीन तऱ्हांनी त्रास देतो. गुळगुळीत, चकचकीत स्क्रीनमध्ये खिडकी किंवा ट्यूब जशीच्या तशी दिसते, म्हणजे सरळ प्रतिबिंब. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या स्क्रीनवर तेच प्रतिबिंब पसरून पांढुरका डाग होतो आणि त्या भागातला मजकूर फिका पडतो. तिसरा प्रकार स्क्रीनवर दिसतच नाही: स्क्रीनच्या मागे खिडकी असते, तिच्या उजेडाने डोळे दिपतात आणि त्यापुढे स्क्रीन काळवंडलेली वाटते. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. तिसऱ्या प्रकाराला फिल्म लावून काडीचाही फरक पडत नाही.

थोडा हिशेब करू. काचेच्या एका पृष्ठभागावर उजेड समोरून पडला, तर त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. ४ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण खिडकीतून दिसणारं ढगाळ, उजळ आकाश सहज ५,००० निट्सचं असतं (निट्स हे पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते मोजण्याचं एकक). त्याचे ४ टक्के म्हणजे २०० निट्स. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला २५० निट्सच्या आसपास असते. म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब जिथे पडलंय, तिथे काळं अक्षर २०० निट्सचं आणि पांढरं पान ४५० निट्सचं. एरवी हजारपट असणारा काळ्यापांढऱ्यातला फरक सव्वादोन पटीवर येतो. अशा वेळी ब्राइटनेस आणखी वाढवून उजेडाशी झटापट करणं हे हरायचंच काम आहे, कारण वर चढायला जागाच उरलेली नसते.

मराठीत काम करणाऱ्यांना याचा फटका लवकर बसतो. ग्लेअरमध्ये सगळ्यात आधी गायब होतात ते अनुस्वार, मग रफार आणि पाय मोडलेली अक्षरं. ‘त्यांचा’ आणि ‘त्याचा’ यांतला फरक एका टिंबाचा, आणि ते टिंब बरोबर ट्यूबच्या प्रतिबिंबाखाली आलेलं असतं. टायपिंग, डीटीपी, मुद्रितशोधन किंवा ऑनलाइन अर्ज भरण्याचं काम असेल, तर ही टिंबं हीच तुमची तपासणी. रोजच्या फाँटमध्ये, रोजच्या आकारात ‘त्यांचा त्याचा, संत सत, वर्ग वग’ अशी ओळ टाइप करून ठेवा आणि पुढे प्रत्येक बदलानंतर स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत नेऊन ती वाचून बघा.

पहिलं काम: स्क्रीन काळी करा

त्रास ज्या वेळी होतो, त्याच वेळी नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखं बसा. दुपारी चारला डोळे चुरचुरत असतील, तर सकाळी नऊला तपासून काही कळणार नाही. मॉनिटर बटणावरून बंद करा. लॅपटॉप असेल तर पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर लावा. आता त्या काळ्या स्क्रीनमध्ये काय दिसतंय ते एकेक करून बघा: ट्यूबलाइट, खिडकीचा चौकोन, आरशाचं कपाट, भिंतीवरच्या काचेच्या फ्रेमा, देवघरातला छोटा बल्ब, स्वयंपाकघराच्या मांडणीवरची स्टीलची भांडी आणि तुमचा स्वतःचा पांढरा शर्ट. जे दिसतंय ती तुमच्या कामाची यादी.

मॅट स्क्रीनवर असं स्पष्ट काही दिसत नाही, नुसता उजळ ढग दिसतो. तिथे हातात मावणारा आरसा घ्या आणि ढग जिथे दिसतो, तिथे स्क्रीनला अलगद टेकवून धरा. खुर्चीतून न हलता आरशात बघा, उजेडाचा मालक समोर येईल. आरसा नसेल तर घरातल्या कुणाला तरी मोठा पुठ्ठा घेऊन खोलीत फिरायला सांगा. पुठ्ठा आडवा येऊन डाग ज्या जागी नाहीसा होईल, तिथून पलीकडे बघितलं की कारण सापडतं. मुलं असतील तर हे काम त्यांना द्या, आवडीने करतात.

हीच तपासणी सकाळी, दुपारी उन्हं उतरताना आणि रात्री दिवे लावल्यावर करा. ऋतूही लक्षात घ्या, कारण आपल्याकडे सूर्य वर्षभरात बराच सरकतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा नसेल, तर त्या दिवसांत खिडकीपासून चारेक फुटांपर्यंतच्या टेबलावर ऊन येतं. उलट मेच्या मध्यावर येणाऱ्या शून्य सावलीच्या दिवसापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो, आणि जूनमध्ये तो नेमक्या पूर्वेपेक्षा सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो व तितकाच उत्तरेकडे मावळतो. ‘उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही’ यावर भिस्त ठेवून मांडलेलं टेबल मे-जूनच्या सकाळ-संध्याकाळी फसतं ते यामुळे. पश्चिमेची खिडकी मात्र बाराही महिने डोकेदुखी, कारण दुपारनंतर सूर्य खाली येतो आणि तिरीप थेट टेबलापर्यंत आत शिरते.

दुसरं काम: टेबल फिरवा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला यावी, पाठीमागेही नको आणि समोरही नको. स्क्रीन आणि खिडकीची भिंत काटकोनात आली, की खिडकीचा उजेड स्क्रीनवरून निघतो तो बाजूला जातो, तुमच्या डोळ्यांकडे येत नाही. टेबल खिडकीपासून शक्य तितकं आत सरकवलं तर आणखी बरं.

व्हिडिओ कॉलच्या नादात अनेक जण टेबल खिडकीकडे तोंड करून लावतात. चेहरा उजळ दिसतो हे खरं, पण दिवसभर स्क्रीनच्या मागे उघडं आकाश दिसत राहतं आणि संध्याकाळपर्यंत डोळे थकून जातात. खिडकीला पाठ करून बसलात, तर स्क्रीनवर खिडकी आणि कॉलमध्ये तुमची काळी आकृती, असा दुहेरी तोटा. दिवसातून एकच कॉल असेल तर तेवढ्यापुरता लॅपटॉप उचलून खिडकीसमोर नेणं सोपं. आठ तासांची बैठक एका कॉलसाठी ठरवू नका.

वन बीएचकेमध्ये पलंग, कपाट आणि टेबल यांची जागा एकदा ठरली की हलत नाही, याची कल्पना आहे. टेबल हलत नसेल तर स्क्रीन हलवा. मॉनिटर टेबलावरच १५-२० अंश वळवून खुर्ची त्याच्यासमोर तिरकी घेतली, तरी पुष्कळदा खिडकी प्रतिबिंबातून बाहेर जाते. ऑफिसात जागा ठरलेली असेल, तर निदान हा प्रयोग करून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरं काम: कल आणि उंची

स्क्रीन १० अंश मागे कलली, की प्रतिबिंबाची दिशा २० अंशांनी वर सरकते. आरशाचा हा साधा नियम आहे, पण त्यामुळेच मांडीवरचा किंवा टेबलावरचा लॅपटॉप छतावरचे आणि भिंतीच्या वरच्या कडेचे दिवे पकडतो. लॅपटॉप खाली असतो, आपण मान वाकवून वरून बघतो, म्हणून झाकण बरंच मागे ढकलावं लागतं आणि ट्यूब अलगद चौकटीत येते.

उपाय असा. लॅपटॉप स्टँडवर, नाहीतर चार जाड पुस्तकांवर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली यायला हवी. मग झाकण जवळपास उभं करता येतं. अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. अर्थात एवढ्या उंचीवर लॅपटॉपचा कीबोर्ड वापरता येत नाही, वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतो. या लेखातली पहिली खरेदी कुठली करायची असेल तर ती ही करा, मानेचंही भलं होतं.

स्क्रीन उभी आणि डोळ्यांसमोर आली, की तिच्यात छताऐवजी तुम्ही स्वतः दिसता. म्हणून चकचकीत स्क्रीनवर रंगांचं काम करणारे लोक गडद, बिनचमकीचे कपडे घालून बसतात. खिडकी बाजूला असताना पांढरा शर्ट घातलात, तर त्याच्यावर पडलेला उजेड थेट स्क्रीनवर जातो. काळा किंवा गडद निळा टी-शर्ट घालून तीच ओळ पुन्हा वाचून बघा.

चौथं काम: खिडकी

पडदा लावायचा म्हटलं की आपण पांढरा झिरझिरीत घेतो, कारण खोली अंधारी होत नाही. उत्तरेच्या खिडकीला तो चालतो. पण पडद्यावर थेट ऊन पडत असेल, तर तो पडदाच दिवा होऊन बसतो, आणि आधी खिडकीएवढा असलेला उजळ चौकोन आता पडद्याएवढा होतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना दोन थर ठेवा: आत झिरझिरीत, बाहेरच्या अंगाला जाड किंवा अस्तराचा. ऊन येईल तेवढे दोन-तीन तास जाड ओढायचा, मग सारायचा.

ब्लाइंड्स घेणार असाल तर दिशा बघून घ्या. दक्षिणेचं ऊन वरून येतं, तिथे आडव्या पट्ट्या चांगल्या, कारण त्या उलट्या कलवून उजेड छताकडे पाठवता येतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन खालच्या कोनातून, बाजूने येतं, तिथे उभ्या पट्ट्या उपयोगी. गॅलरीच्या दाराला बांबूची चीक बाहेरून सोडली, तर ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं, त्यामुळे उष्णताही कमी आत येते. बाहेरच्या बाजूने काही लावायचं तर सोसायटीला आधी विचारा. दर्शनी भागात बदल केला म्हणून नोटीस येण्यापेक्षा ते बरं.

खिडकीच्या काचेवर फिल्म लावण्याचाही पर्याय आहे. दुधी फिल्म थेट ऊन पसरवते, पण उजळपणा फारसा कमी करत नाही, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. गडद फिल्म उजेड कमी करते, आणि पावसाळ्यात खोली दुपारी तीनलाच अंधारी करते. आरशासारखी फिल्म असेल तर रात्री आतले दिवे खिडकीत चमकतात. भाड्याच्या घरात पडदाच ठीक.

पाचवं काम: दिवे

बहुतेक घरांत एकच ट्यूब किंवा एलईडी बॅटन भिंतीवर वरच्या बाजूला असते, आणि टेबल बरोबर समोरच्या भिंतीला. बॅटन पाठीमागे आली की ती स्क्रीनच्या वरच्या भागात लांब पट्टी होऊन दिसणारच. तिन्हीपैकी एक करा: टेबल असं फिरवा की दिवा बाजूला येईल, खोलीत दुसरा दिवा असेल तर काम करताना तो वापरा, किंवा उघड्या बॅटनऐवजी दुधी आवरणाचा दिवा लावा. आवरणामुळे उजेड मोठ्या भागातून येतो, एका रेषेत एकवटत नाही, आणि प्रतिबिंब टोचत नाही.

टेबललॅम्प असेल तर तो स्क्रीनच्या बाजूला, खाली मान घालून कागदावर रोखलेला हवा. कॉलसाठी घेतलेला रिंग लाइट काम संपल्यावर बंद करा. स्क्रीनमध्ये आणि चष्म्यात तेच गोल चमकत राहतात.

रात्री सगळे दिवे मालवून काम करणं हा ग्लेअरवरचा उपाय नव्हे. स्क्रीनवर प्रतिबिंब पडत नाही हे कबूल, पण काळ्याकुट्ट खोलीत एकटी उजळ स्क्रीन डोळ्यांना वेगळा त्रास देते. मॉनिटरच्या मागे एक छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा. भिंत मंद उजळते, आणि दिवा स्वतः स्क्रीनमध्ये दिसत नाही.

ऑफिसात डोक्यावरच्या फिटिंगमध्ये दोन-चार नळ्या असतील, तर देखभालीच्या माणसाला सांगून नेमकी तुमच्यावरची एक काढून ठेवता येते. शेजाऱ्यांना विचारून घ्या म्हणजे झालं.

टेबलाची काच आणि बाकीचे छुपे आरसे

सरकारी कार्यालयांत, बँकांत आणि जुन्या दुकानांत टेबलावर काच असते, खाली परिपत्रकं, फोन नंबर आणि एखादा देवाचा फोटो. छतावरची ट्यूब त्या काचेतून खालून वर उसळते आणि स्क्रीनच्या खालच्या भागात, शिवाय सरळ डोळ्यांतही येते. काच काढायची सोय नसेल तर कीबोर्डखाली गडद कापडी किंवा रेक्झिनचा मोठा मॅट पसरा, तुमच्या छातीपासून स्क्रीनच्या पायापर्यंत. घरी चकचकीत लॅमिनेटचं टेबल असेल तरी हेच. व्हिट्रिफाइड फरशीवर ऊन पडत असेल तर तिथे सतरंजी टाकली तरी खोलीतला बराच उजेड शमतो. आरशाच्या कपाटाला काम करताना चादर लावा. दिसायला विचित्र दिसतं, चालतं.

आता सेटिंग

ब्राइटनेस किती ठेवायची, याची एक साधी ओळख. पांढरा कोरा कागद स्क्रीनच्या शेजारी, त्याच उजेडात धरा आणि स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीन कागदापेक्षा झगझगीत वाटली तर ब्राइटनेस उतरवा, मळकट वाटली तर चढवा. दिवसा आणि रात्री वेगळी ठेवावी लागेल.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने ब्राइटनेस सापडते. बॅटरी सेव्हर (नव्या विंडोजमध्ये एनर्जी सेव्हर) चालू झाला की विंडोज ब्राइटनेस आपणहून उतरवतो, त्यामुळे चार्जरशिवाय काम करताना अचानक ग्लेअर वाढल्यासारखा वाटतो. काही लॅपटॉपांवर स्क्रीनवरच्या चित्रानुसार ब्राइटनेस बदलण्याची सोयही तिथेच असते, ती बंद करा.

डार्क मोडबद्दल गैरसमज फार आहे. अंधाऱ्या खोलीत तो सुखाचा असतो. पण उजेडाच्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक प्रतिबिंब उठून दिसतं, अगदी मघाशी बंद स्क्रीनमध्ये दिसलं तसं. दिवसा पांढरं पान आणि काळी अक्षरं ठेवा, सूर्य मावळल्यावर हवं तर उलटं करा.

अक्षर मोठं करा. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून प्लस, मॅकवर कमांड दाबून प्लस. देवनागरीला इंग्रजीपेक्षा एक पायरी मोठा आकार लागतोच, कारण मात्रा-वेलांट्या त्याच उंचीत कोंबलेल्या असतात. बारीक रेषांचा फाँट सोडून जरा ठसठशीत वापरला तर टिंबं वाचतात.

आणि नाइट लाइट? स्क्रीन पिवळसर करणारी ही सोय प्रतिबिंबाचा एक कणही कमी करत नाही. रात्री डोळ्यांना बरं वाटत असेल तर वापरा, ग्लेअरसाठी नको.

स्क्रीन पुसा

बोटांचे तेलकट ठसे आणि धूळ बाजूने आलेला उजेड पसरवतात, त्यामुळे उन्हात मळकी स्क्रीन अख्खी धुरकट होते. स्क्रीन बंद करून गार होऊ द्या. चष्म्याबरोबर मिळतं तसं स्वच्छ मायक्रोफायबरचं कापड कोरडंच फिरवा. डाग निघाला नाही तर कापडाचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला करा. फवारा स्क्रीनवर मारायचा नाही, पाणी कडेतून आत उतरतं. बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके सोडतं. खिडक्या पुसायचं निळं लिक्विड, वर्तमानपत्राचा बोळा आणि सदऱ्याची बाही, तिन्ही लांब ठेवा. काचेला जे चालतं ते स्क्रीनवरच्या नाजूक थराला चालतंच असं नाही.

घरचं हूड

एवढं करूनही बाजूची खिडकी त्रास देत असेल, तर फोटोग्राफर वापरतात तसं हूड, म्हणजे स्क्रीनभोवतीचा आडोसा, घरी करता येतं. सनबोर्ड घ्या, फ्लेक्सवाल्याकडे तुकडे मिळतात. नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. तीन पट्ट्या कापायच्या: एक वरची, दोन बाजूच्या. २४ इंची मॉनिटरची दिसणारी स्क्रीन साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असते, तुम्ही मात्र माप बाहेरच्या चौकटीचं घ्या. पट्टी पुढे २० ते २५ सेंटिमीटर यायला हवी. त्याहून कमी ठेवली तर नुसती शोभा.

आतल्या बाजूला काळं वेलवेट किंवा खरखरीत काळा कागद चिकटवा. चकचकीत काळा कार्डपेपर नको, तो तिरक्या उजेडात चमकतो. बाजूच्या पट्ट्यांचा खालचा पुढचा कोपरा तिरका कापला तर कागद ठेवायला आणि हात फिरवायला जागा राहते. वरची पट्टी बाजूच्या पट्ट्यांना आतून कापडी टेपने जोडा, म्हणजे तिन्ही मिळून एका घडीत बंद होतात. मॉनिटरला बसवायला वेल्क्रोचे चार तुकडे पुरतात. कॅमेऱ्यासमोर पाचेक सेंटिमीटरची खाच ठेवा आणि मागची-वरची हवेची भोकं झाकली जाणार नाहीत हे बघा. लॅपटॉपला वेल्क्रो न लावता पट्ट्या नुसत्या टेकवून उभ्या करा, बिजागरीवर वजन नको.

फिल्म लावायचीच असेल तर

मॅट फिल्म उजेड नाहीसा करत नाही, पसरवते. खिडकीचं स्पष्ट प्रतिबिंब जाऊन फिका डाग येतो, आणि बारीक अक्षरं थोडी दाणेदार, रंग थोडे मंद दिसतात. बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर हा दाणेदारपणा जास्त जाणवतो. स्क्रीन आधीच मॅट असेल तर फिल्मवर पैसे घालू नका. प्रायव्हसी फिल्म ही वेगळी वस्तू: ती शेजाऱ्याची नजर अडवते आणि स्क्रीन आणखी अंधारी करते.

दुकानात नुसतं ‘१४ इंची’ म्हणून मागू नका. १४ इंचांत रुंद स्क्रीन साधारण ३१० बाय १७४ मिलिमीटरची असते, तर उंच स्क्रीन ३०२ बाय १८८ची. १५.६ इंची बहुधा ३४५ बाय १९४ची. पट्टीने मोजून आकडा घेऊन जा. लॅपटॉपसाठी पातळ फिल्मच घ्या. जाड काचेचा फिल्टर झाकण बंद करताना स्क्रीनवर दाबला जातो.

लावताना आधी पंखा बंद. खोलीत धूळ उडत नसेल अशी वेळ निवडा, न्हाणीघर सगळ्यात बरं. स्क्रीन पुसा, उरलेले कण सेलोटेपच्या चिकट बाजूने टिपून घ्या. फिल्मची खरखरीत बाजू बाहेर येते. एका अरुंद कडेपासून सुरुवात करून, जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून हळूहळू पुढे दाबत जा. कण अडकला तर तेवढाच भाग उचलून टेपने काढा, अख्खी फिल्म उपटू नका.

चष्म्याचं कोटिंग

चष्म्याच्या दुकानातलं ‘अँटी-ग्लेअर’ तुमच्या भिंगावरचं परावर्तन कमी करतं, स्क्रीनवरचं नाही. पाठीमागचा दिवा भिंगाच्या आतल्या बाजूवर चमकत असेल तर त्याचा खरा उपयोग होतो. हे तंत्र जुनं आहे: १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॅथरिन ब्लॉजेट यांनी काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवले. त्यांची एकूण जाडी उजेडाच्या तरंगलांबीच्या पाव पट झाली, आणि दोन पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांना मारून काच जवळपास दिसेनाशी झाली. तो थर बोटाने पुसला जायचा, आजचे टिकतात. भिंगावर हिरवट-जांभळी झाक दिसते ती याच कोटिंगची.

निळा उजेड अडवणारी ‘ब्लू कट’ भिंगं वेगळी. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या भिंगांच्या तुलनेत संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा ब्लू कट भिंगांनी निदान थोड्या काळात तरी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीनकडे बघू नका. विशिष्ट कोनात एलसीडी पूर्ण काळी दिसते. जागा, दिवे सगळं बदलूनही डोकं दुखत असेल, दुहेरी दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, नंबर बदललेला असू शकतो.

उघड्यावर आणि प्रवासात

थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, ऑफिसात ३०० ते ५०० (लक्स हे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते मोजण्याचं एकक). साध्या लॅपटॉपने उन्हाशी सामना करणं शक्य नाही. शेतावर, गच्चीत किंवा एसटी स्टँडवर बसायची वेळ आली तर सावली पुरत नाही, पाठीमागे काय आहे ते बघा. गडद भिंत किंवा झाडाचा दाट बुंधा पाठीशी घेऊन बसलात तर स्क्रीनमध्ये आकाशाऐवजी तेच येईल.

नवीन घेताना

माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे निट्स: २५० हे स्वस्तातलं माप, ३०० बरं, खिडकीजवळ काम असेल तर ४०० किंवा वर. दुसरं, पृष्ठभाग ‘ग्लॉसी’ की ‘अँटी-ग्लेअर’. मॉनिटरच्या पत्रकावर कधी ‘३एच’ आणि ‘हेझ २५ टक्के’ असं लिहिलेलं असतं. ३एच हा ओरखडा न पडण्याचा दर्जा, त्याचा ग्लेअरशी संबंध नाही. हेझचा आकडा जास्त तर मॅटपणा जास्त. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर फार मॅट घेऊ नका, रंगांतली धार जाते.

ओएलईडी स्क्रीन दुकानात फार देखणी दिसते, पण बहुतेक वेळा चकचकीत असते. दुकानदाराला सांगून लॅपटॉप दाराजवळच्या उजेडात न्या, स्क्रीन काळी करून बघा आणि मग मराठी मजकूर उघडून वाचा. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आणि अटी आधी वाचा, आणि खोकं आल्या दिवशीच मशीन तुमच्या रोजच्या टेबलावर, दुपारच्या उन्हाच्या वेळी चालू करून बघा.